आख्यान ठरलेले, भाषण मोकळे

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे : आपला मुलगा सात वर्षांचा आहे, त्याची आजी त्याला रोज रात्री पुराणातल्या गोष्टी आणि श्रावणात कहाण्या सांगते, वाढदिवसाला परीकथांची पुस्तके भेट येतात, आणि या ‘खोट्या’ गोष्टींनी मुलाचा खऱ्याखोट्याचा विवेक बिघडेल अशी काळजी त्याच्या वडिलांना वाटते. आपण स्वतः ग्राफिक डिझायनर आहात. अशा गोष्टींनी सर्जनशीलता वाढते असे जे सर्वत्र सांगितले जाते ते कितपत खरे, आणि मोठ्या माणसाच्या रोजच्या जगण्यात या कथांना काही जागा उरली आहे का, हे आपण विचारले आहे. मी गेली अठ्ठावीस वर्षे मुलांसाठी कथाकथन करतो, शिक्षकांच्या लेखन-कार्यशाळा घेतो आणि अधूनमधून बालनाट्ये लिहितो. या कामात जे पाहिले त्याच्या आधारे उत्तर देतो.

सर्जनशीलता ‘वाढते’ हा शब्दप्रयोग मला थोडा खटकतो, कारण त्यामागे गोष्ट म्हणजे एखादे टॉनिक आहे आणि झोपताना एक चमचा पाजले की सकाळी मुलाला कल्पना सुचू लागतील, अशी समजूत दडलेली असते. माझ्या पाहण्यात गोष्टीचे काम वेगळ्या रीतीने चालते. परंपरेने आलेली गोष्ट एक पक्की चौकट देते आणि त्या चौकटीत भरपूर जागा मोकळ्या ठेवते. ऐकणारा त्या जागा आपल्या घरातल्या, गावातल्या आणि मनातल्या ऐवजाने भरत जातो, आणि हे भरणे म्हणजेच ज्याला आपण सर्जन म्हणतो त्याची पहिली पायरी असते. ज्या गोष्टीत अशी जागा उरलेली नसते, ती कितीही अद्भुत असली तरी ऐकणाऱ्याच्या हाताला काही काम देत नाही.

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तेथे पुरावा सर्वांत जवळ आहे. मराठी माणूस दिवसभरात किती वेळा पुराणात जाऊन येतो याचा हिशेब तो स्वतः ठेवत नाही. उशिरा उठणाऱ्याची कुंभकर्णाची झोप, न संपणाऱ्या कामाचे मारुतीचे शेपूट, संकोचाने दिलेल्या भेटीचे सुदाम्याचे पोहे, दोन्हीकडून लटकलेल्याचा त्रिशंकू, अंगावर दागिना नसलेल्या बाईला म्हटलेली लंकेची पार्वती, ही सगळी बोलण्यात इतकी मुरली आहेत की ती वापरताना कोणाला कथा आठवावी लागत नाही. काही ठिकाणी तर भाषेने कथेवर आपली कारागिरी केली आहे. समुद्रमंथनातून चौदा रत्ने निघाली. पण ‘चौदावे रत्न दाखवू का?’ असे विचारताना त्याचा अर्थ मार असा होतो, ही करामत कोणा पुराणकाराची नाही, ती मराठी आईबापांची आणि पंतोजींची आहे. कथा जशीच्या तशी जपून ठेवली असती तर हा वाक्प्रचार जन्मालाच आला नसता.

भाषेपेक्षाही ठळक उदाहरण स्वयंपाकघरात आहे. नागपंचमीची कहाणी आपल्या सासूबाईंना येत असेलच : शेतकऱ्याच्या नांगराने वारूळ मोडते, नागिणीची पिल्ले मरतात, ती सूडाने शेतकऱ्याच्या कुटुंबाला दंश करते, आणि मग दुसऱ्या गावी दिलेल्या त्याच्या लेकीला दंश करायला निघते. तेथे ती लेक पाटावर गंधाने नाग काढून त्याची पूजा करीत बसलेली असते. नागीण शांत होते, अमृत देते आणि मेलेली माणसे उठतात. आता या कथेचा परिणाम पाहावा. अनेक घरांत त्या दिवशी नांगर धरत नाहीत, विळीवर चिरत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत, कढईत तळत नाहीत. मग सणाला गोड काय करायचे? पुरण तर हवे, पण पोळी तव्याशिवाय होणार नाही. तेव्हा कणकेच्या चौकोनी घडीत पुरण भरून ते वाफवायचे, म्हणजे झाले दिंड. एका कथेने घातलेल्या बंधनातून एक पदार्थ निघाला. ज्या कोणा बाईने तो पहिल्यांदा केला तिच्यापुढे नेमका तोच पेच होता जो आपल्यापुढे गिऱ्हाइकाने ‘दोनच रंगांत बसवा’ असे सांगितल्यावर उभा राहतो.

याच कहाणीत आपल्या यजमानांच्या शंकेचेही अर्धे उत्तर आहे. कहाणीतली लेक पाटावर काढलेल्या नागाला दूध आणि लाह्या दाखवते. त्या चित्रातल्या नागाला दुधाने काही अपाय होत नाही. खरा नाग मात्र मांसाहारी प्राणी आहे, दूध हे त्याचे अन्न नव्हे, आणि टोपलीत उपाशी, तहानलेला ठेवलेला नाग समोर आलेले दूध प्याला तर ते त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणजे गोष्ट गोष्टीच्या जागी ठेवली तोवर ती निरुपद्रवी आणि सुंदर होती. तिचा शब्दशः अर्थ लावून ती रस्त्यावर आणली तेव्हा नागाचे हाल सुरू झाले. मुलाला जपायचे असेल तर ते गोष्टीपासून नव्हे, या शब्दशः वाचण्यापासून जपावे.

आणि गोष्ट आपण गोष्ट आहोत हे कधी लपवीत नाही. ‘आटपाट नगर होतं’ हे शब्द उच्चारले की ऐकणाऱ्याला कळते, हे नगर नकाशावर सापडायचे नाही, येथे एसटी जात नाही. शेवटी ‘ही साठां उत्तरांची कहाणी पाचां उत्तरीं सुफळ संपूर्ण’ म्हटले की दार लागते. आत जाण्याचा आणि बाहेर येण्याचा असा स्पष्ट उंबरठा असल्यामुळे सात वर्षांचे मूल या बाबतीत फारसे गोंधळत नाही. मी शेकडो मुलांना म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट सांगितली आहे. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ ही सगळी जण माझ्याबरोबर ओरडून म्हणतात, पण बाजारातून आणलेल्या भोपळ्यात बसून पाहणारे मूल अजून मला भेटलेले नाही. मोठ्यांच्या मोबाइलवर रोज सकाळी येणाऱ्या चमत्कारिक मजकुराला मात्र असा उंबरठा नसतो, आणि त्याबद्दल आपल्या यजमानांनी काळजी केली तर मी त्यांच्या बाजूचा आहे.

आता सर्जनशीलतेकडे येतो. या विषयावर मला जे काही कळले आहे त्यातला मोठा भाग मी दशावतार या लोकनाट्यातल्या कलाकारांकडून शिकलो. माझे आजोळ कुडाळजवळ. कार्तिकी पौर्णिमेनंतर सिंधुदुर्गात आणि गोव्यात पेडण्याच्या बाजूला देवळांच्या जत्रा सुरू होतात, आणि जत्रेच्या रात्री दशावतार असतो. प्रथम गणपती, रिद्धी-सिद्धी, मोरावर बसलेली सरस्वती, मग काळा मुखवटा घातलेला आणि मालवणीत सगळ्यांची फिरकी घेणारा संकासुर असा पूर्वरंग होतो, आणि त्यानंतर मुख्य आख्यान लागते ते पहाटेपर्यंत चालते. साथीला हार्मोनियम, पखवाज आणि झांज असते. रंगमंचावर सामान म्हणाल तर एक बाक, जो कधी सिंहासन होतो, कधी पर्वत, कधी पलंग. या नाटकाला लेखी संहिता नसते, तालीम नसते. रंगपटात ट्रंका उघडून, एका हातात आरसा धरून रंग लावता लावता आज कोणते आख्यान, कोणाकडे कोणती भूमिका आणि प्रसंगांचा क्रम काय एवढे ठरते. भाषण, म्हणजे संवाद, ज्याचे त्याने तेथल्या तेथे उभे राहून रचायचे.

मी अकरा-बारा वर्षांचा असताना पाहिलेली एक रात्र अजून डोळ्यांपुढे आहे. आख्यान इंद्रजितवधाचे होते. लक्ष्मण आणि इंद्रजित समोरासमोर आले, पखवाज चढत गेला आणि नेमकी वीज गेली. देवळाच्या आवारात मिट्ट काळोख. पोरे किंचाळली, म्हाताऱ्या ‘गप रवा रे’ म्हणून ओरडल्या. तेवढ्यात काळोखातून लक्ष्मणाचा आवाज आला : ‘मेघनादा, मायेचा अंधार पसरून लपतोस? क्षत्रिय असशील तर प्रकाशात ये!’ लोक एकदम शांत झाले. इंद्रजितानेही संधी सोडली नाही. तो पडद्यामागे जाऊन तेथून बोलू लागला, मग प्रेक्षकांतून बोलू लागला, आणि लक्ष्मण आवाजाच्या दिशेने बाण रोखत राहिला. हार्मोनियमवाल्याने एकच सूर धरून ठेवला होता. देवस्थानचा माणूस गॅसबत्ती घेऊन येईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे हे चालले. बत्ती बाकाजवळ ठेवली गेली तेव्हा लक्ष्मणाने तिला हात जोडले आणि ‘हे कुलदैवता सूर्यनारायणा, वेळेवर आलास’ असे म्हणून युद्ध पुढे सुरू केले. दुसऱ्या दिवशी गावात सगळे म्हणत होते की अंधारातली लढाई सर्वांत चांगली झाली.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका वयस्क दशावतारी कलाकाराला मी विचारले की आयत्या वेळी इतके सुचते कसे. तो म्हणाला, ‘आख्यान म्हायत आसा, म्हणान भाषण सुचता.’ सर्जनाविषयी मी जी काही पुस्तके वाचली त्यांत याहून नेमके वाक्य मला सापडलेले नाही. लक्ष्मणाला इंद्रजित मायावी असल्याचे माहीत होते, म्हणून काळोख त्याला अडचण न वाटता सामग्री वाटली. कथेचा शेवट ठरलेला असल्यामुळे मधल्या वाटेवर त्याला हवे तसे भटकता आले. नव्या लेखकांना नेहमी वाटते की ठरलेले कथानक म्हणजे बेडी. अनुभव उलटा आहे. काय घडणार ही चिंता मिटली की ते कसे घडावे याकडे सगळी बुद्धी लावता येते. कीर्तनकारही हेच करतात. पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान हा साचा पिढ्यान्पिढ्या तोच आहे, पण हरिश्चंद्राचे आख्यान सांगताना आजच्या बाजारभावाचा उल्लेख कोठे बसवायचा हे चांगल्या बुवांना बरोबर कळते.

परिचित कथेचा दुसरा फायदा ऐकणाऱ्याच्या बाजूने आहे. प्रेक्षकाला कथा ठाऊक असली की सांगणाऱ्याला अर्धेच सांगून भागते, आणि हे भांडवल महाराष्ट्रातल्या कलावंतांनी फार हुशारीने वापरले. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत पहिले नाटक केले ते सीतास्वयंवराचे. दादासाहेब फाळक्यांनी तर स्वतः लिहून ठेवले आहे की ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहताना त्यांच्या डोळ्यांपुढे कृष्ण, राम, गोकुळ आणि अयोध्या उभी राहू लागली. १९१३ साली त्यांनी मुंबईत पडद्यावर आणला तो हरिश्चंद्र. मूकपट, बोलणे नाही, मधल्या पाट्या वाचता येणारे थोडे. पण राजा राज्य सोडून निघाला की पुढे स्मशान आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक होते. एक नवे, अनोळखी तंत्र लोकांच्या अंगवळणी पडावे म्हणून त्यांनी सर्वांत जुनी ओळख वापरली.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी त्याच ओळखीचा उपयोग सांकेतिक भाषेसारखा केला. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या त्यांच्या ‘कीचकवध’ नाटकात इंग्रजांचे नाव कोठेही नव्हते. होती ती विराटाच्या दरबारातली जुनीच कथा. पण उन्मत्त कीचकात प्रेक्षकांना व्हाइसरॉय कर्झन दिसला, सैरंध्रीत, म्हणजे द्रौपदीत, विटंबना सोसणारी मातृभूमी दिसली, आणि धीर धरायला सांगणारा युधिष्ठिर व चवताळून उठणारा भीम यांच्यात त्या काळचे मवाळ आणि जहाल दिसले. सरकारलाही ते उशिरा का होईना दिसलेच. १९१० साली नाटकावर बंदी आली. व्यासांनी लिहिलेला प्रसंग तोच ठेवून त्याचा रोख बदलता येतो, हे येथे शिकण्यासारखे आहे, आणि दृश्यभाषेत काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना तर विशेषच.

रोख बदलण्याचे याहून मोठे उदाहरण मला बळीचे वाटते. पुराणात वामन तीन पावले भूमी मागतो आणि बळीला पाताळात घालतो. वामन हा अवतार, म्हणून पूज्य. पण दिवाळीत ओवाळताना आपल्या घरातली बाई म्हणते काय? ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.’ शेतकऱ्याला आपण आदराने बळीराजा म्हणतो. म्हणजे ज्याला कथेने हरवले त्याचेच राज्य यावे अशी प्रार्थना त्याच कथेवर वाढलेले लोक पिढ्यान्पिढ्या करीत आले, आणि दशावतारांच्या यादीत वामनाचेही नाव घेत आले. या दोहोंतली फट महात्मा फुल्यांनी पाहिली. १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’त त्यांनी अवतारकथा उलट्या बाजूने वाचल्या : बळी हा येथला न्यायी राजा, वामन हा त्याला कपटाने घालवणारा. त्यांची इतिहासमीमांसा कोणाला पटो वा न पटो, वाचण्याची रीत मात्र एका अत्यंत सर्जनशील मनाची आहे. कथा तीच ठेवून त्यांनी फक्त उभे राहण्याची जागा बदलली, आणि त्यासाठी त्यांना आधार मिळाला तो अशिक्षित बायकांनी तोंडी जपलेल्या एका ओळीचा.

जात्यावरच्या ओव्यांतली सीता हीही अशीच उभे राहण्याची जागा बदलून पाहिलेली सीता आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि आता त्या ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संस्थेने सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. त्यांत राम आहेच, पण जाते ओढणाऱ्या बाईचे मन घुटमळते ते वनात एकट्या पडलेल्या, बाळंतपणाला जवळ कोणी नसलेल्या सीतेपाशी. आपला सासुरवास उघड सांगण्याची सोय नव्हती. सीतेचा सांगण्याची होती.

हे सांगताना दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नाही. ज्या कथा मोकळी जागा देतात त्याच माणसांना जागेवर बसवतातही. कहाण्यांतल्या आवडती-नावडती राण्या, एकलव्याचा अंगठा, परीकथांतल्या दुष्ट सावत्र आया हे सगळे मुलाच्या मनात जाते आणि तेथे घर करून राहते. सावत्र आईची तर गंमत पाहण्यासारखी आहे. ग्रिम बंधूंच्या संग्रहाच्या १८१२ सालच्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचा मत्सर करणारी राणी तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. आईची प्रतिमा शाबूत राहावी म्हणून केलेल्या या एका दुरुस्तीचा भार तेव्हापासून जगभरच्या सावत्र आया वाहत आहेत. माझ्या एका वर्गात सावत्र आई असलेली मुलगी होती. ही गोष्ट संपल्यावर ती काही बोलली नाही, पण चित्र काढताना तिने राणीच्या हातात सफरचंदाऐवजी डबा दिला. तेव्हापासून मी त्या गोष्टीत राणीला ‘राणी’ एवढेच म्हणतो.

अशा वेळी गोष्ट टाळावी की सांगावी? मी सांगण्याच्या बाजूचा आहे, मात्र सांगून झाल्यावर गप्प बसण्याची तयारी हवी. हे मला फार उशिरा कळले. पहिली सात-आठ वर्षे मी प्रत्येक गोष्टीनंतर तात्पर्य सांगत असे आणि मग मुलांकडून काहीतरी लिहून घेत असे. तीस मुलांच्या तीस वह्यांत माझेच तात्पर्य थोड्याफार शुद्धलेखनाच्या चुकांसह परत येई, आणि मी त्याखाली ‘छान’ असे लिहीत असे. मग एकदा सांगली जिल्ह्यातल्या एका गावातल्या पाचवीच्या वर्गात मी खुलभर दुधाची कहाणी सांगत होतो. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा असतो. दवंडी पिटते, सगळे गाव धाकाने घरातले झाडून सारे दूध आणून ओतते, तरी गाभारा भरत नाही. एक म्हातारी मात्र घरातल्या मुलाबाळांना, लेकीसुनांना, गायीवासरांना पोटभर देऊन उरलेले खुलभर दूध आणते आणि तेवढ्याने गाभारा भरतो. येथपर्यंत आलो आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली. तात्पर्य राहून गेले.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरतो तो मुले वाटच पाहत होती. एकाच्या वडिलांचे दूध डेअरीला जात असे. त्याला हवे होते की दूध गाईचे की म्हशीचे, आणि इतक्या घरचे एकत्र ओतल्यावर फॅट किती लागली असेल. एका मुलीने विचारले, ‘गावात ज्यांचा रतीब होता त्यांना त्या दिवशी दूध कोणी दिलं?’ तिसऱ्याने तर राजालाच सोडवले : तो म्हणाला की राजाला चूक कळणार कशी, धाकामुळे सगळे ‘सगळं दूध आणलं’ एवढेच सांगत होते, ‘वासरू ओरडतंय’ हे कोणी सांगितलेच नाही. मग मी लिहायला सांगितले. त्या वर्गात कोणी वासराच्या बाजूने लिहिले, कोणी दवंडीवाल्याच्या घरी त्या रात्री काय झाले ते लिहिले. रतीब विचारणाऱ्या मुलीने म्हातारीच्या धाकट्या सुनेचे लिहिले, जिला भीती वाटत होती की सासू राजाची आज्ञा मोडते आहे आणि उद्या शिपाई आपल्या दारात येतील. कहाणीत या सुनेला एक वाक्यही नाही. मी तात्पर्य सांगितले असते तर ती सून कधी बोललीच नसती.

आपल्याला रोजच्या वापरासाठी काही हवे असेल तर मी दोनच गोष्टी सुचवीन. इटालियन बालसाहित्यिक जानी रोदारी यांचा एक खेळ आहे : लाल टोपीवालीच्या गोष्टीतले मुलगी, रान, फुले, लांडगा, आजी हे शब्द द्यायचे आणि त्यांत हेलिकॉप्टर हा एक परका शब्द टाकायचा. मी तो आपल्याकडे म्हातारी, भोपळा, वाघ, लेक आणि एसटी असा खेळतो. दरवेळी हमखास भांडण जुंपते ते कंडक्टरने भोपळ्याला तिकीट फाडावे की सामान म्हणून पावती करावी यावर. आणि एका मुलाने भोपळ्यातून म्हातारी निघाल्यावर ज्येष्ठ नागरिक म्हणून तिचे तिकीट अर्धे केले होते. पाच ओळखीच्या शब्दांच्या चौकटीत सहावा अनोळखी शब्द आला की मूल जी खटपट करते ती पाहण्यासारखी असते, आणि तीच खटपट आपल्या धंद्यात आपण पैसे घेऊन करतो.

दुसरी सूचना आजींच्या बाबतीत. त्यांना त्यांच्या पद्धतीने सांगू द्यावे. त्यांची कहाणी पुस्तकातल्यापेक्षा वेगळी असेल, एखादा प्रसंग गळला असेल, दोन कहाण्या एकमेकींत शिरल्या असतील. पुस्तक उघडून त्यांना दुरुस्त करू नये. मुलाने मध्येच ‘असं का?’ विचारले तर उत्तराची घाई करू नये, ‘तुला काय वाटतं?’ असेही लगेच विचारू नये, कारण हल्ली मुलांना तो प्रश्न परीक्षेसारखा वाटतो. थोडे थांबावे. चिऊताईच्या गोष्टीत पावसात भिजणारा काऊ दार वाजवत असतो आणि ती ‘थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते’, ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते’ असे सांगत राहते. चार-पाच वर्षांची मुले येथे खुदखुदतात. आपल्या मुलाच्या वयाची मुले मात्र कधीतरी अचानक गंभीर होऊन विचारतात, तिने त्याला लगेच आत का घेतले नाही. आपल्या यजमानांना त्या वेळी शेजारच्या खोलीतून बोलावून घ्यावे आणि त्यांनाही तेथे बसू द्यावे.